डावी, आठ भोकांची

ताईला मी आधी झापलं आणि फिल्म नंतर बघितली. क्रम उलटा झाला असता तर निदान ते बोलणं तरी माझ्या नावावर राहिलं नसतं. पण सकाळी भाऊजींचा फोन आला, ‘हिच्या खांद्यात काहीतरी टक् वाजलं म्हणते, हात वर होत नाहीये,’ आणि दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या डोक्यात खटला चालून निकालही लागला होता. ती एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती, डावं कोपर उजव्या तळव्यात धरून. अकरा आठवड्यांपूर्वी कॉलरबोन मोडून आली तेव्हाही याच बाकावर अशीच बसली होती. ‘काय उचललंस?’ मी विचारलं. दुखतंय का, काही खाल्लंस का, हे माझ्या तोंडून आलंच नाही. ‘तागा,’ ती म्हणाली. ‘अख्खा नाही रे. अर्धा झाला होता. टेबलावर नुसता सरकवायचा होता.’ झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, मी काय सांगितलं होतं, बादली नाही, पिशवी नाही, तागा तर नाहीच नाही. त्या पडद्यांच्या कारखान्याचं तुझ्यावाचून काय अडलं होतं. बाकीचे पेशंट पथ्य पाळतात ते काय मूर्ख म्हणून. आम्ही मरमर मरायचं आणि तू एका झटक्यात सगळं मातीत घालायचं. बाकावरचे दोन अनोळखी लोक ऐकत होते. भाऊजी ऐकत होते आणि मान डोलावत होते, कारण त्यांना हेच बोलायचं होतं आणि ते आयतं बोललं जात होतं. ताईने वाद घातला नाही. ‘चुकलं माझं,’ एवढंच म्हणाली आणि माझ्या शर्टाच्या कॉलरकडे बघत राहिली. ती एका बाजूने आत दुमडली होती. एक हात मोकळा असता तर तिने ती सरळ केली असती.

मग डॉक्टरांनी आत बोलावलं आणि फिल्म दिव्याच्या पाटीवर लावली. अशा फिल्मा मी वर्षाला शेकड्याने बघतो. करड्या बरगड्या, त्यांच्यावरून गेलेलं कॉलरबोनचं नागमोडी हाड, आणि हाडावर पांढरीशुभ्र प्लेट, तिच्यातून खाली उतरलेले स्क्रू. मला त्यात हाड आधी दिसत नाही, धातू आधी दिसतो. ती माझी सवय आहे आणि पोटही त्याच्यावरच चालतं. प्लेट मोडली होती. आतल्या टोकाकडून मोजलं तर चौथ्या भोकात. भोकाच्या दोन्ही कडांना काळी रेघ गेली होती आणि दोन तुकडे एकमेकांशी जरा वाकडे उभे होते, भांडण झालेल्या नवरा-बायकोसारखे. डॉक्टर काहीतरी समजावून सांगत होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते, पण ऐकू येत होता तो पाटीतल्या ट्यूबचा बारीक गुणगुणाट. चौथं भोक. माझ्या दोन्ही अंगठ्यांना अचानक काहीतरी आठवलं. मला म्हणजे डोक्याला नव्हे, अंगठ्यांना. पक्कडीच्या दोन दांड्या दाबताना आधी जो अडथळा लागतो आणि मग धातू एकदम मऊ होऊन ऐकतो, तो क्षण माझ्या अंगठ्यांत जसाच्या तसा होता. मी टेबलाची कड धरली आणि डॉक्टर म्हणाले, ‘अहो पेटीवाले, तुम्हीच असे पांढरे पडलात तर ताईंनी काय करायचं?’ सगळे थोडे हसले. ताईही हसली.

पेटीवाले म्हणजे मी. दवाखान्यांत मला नावाने कुणी हाक मारत नाही. हाडांच्या ऑपरेशनला लागणाऱ्या प्लेटा, स्क्रू, सळ्या, ड्रिल, पक्कडी यांच्या लोखंडी पेट्या असतात. ज्या दवाखान्यात ऑपरेशन, तिथे आदल्या दिवशी पेटी पोचवायची, ती वाफेच्या यंत्रातून निर्जंतुक होऊन आली की थिएटरात भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, हात मागे बांधायचे, कशाला शिवायचं नाही, आणि सिस्टरने विचारलं की सांगायचं, दुसरा कप्पा, डावीकडून तिसरी. एकवीस वर्षं मी हे करतोय. पेटीत प्रत्येक वस्तूला तिच्या आकाराची खाच असते. कॉलरबोनच्या पेटीत डाव्या खांद्याच्या प्लेटा वेगळ्या, उजव्याच्या वेगळ्या, कारण त्या हाडाला जी दोन वळणं असतात ती दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी उलटी. सहा भोकांची एक, सात भोकांची एक, आठ भोकांची एक. डावी, आठ भोकांची, पेटीत एकच असते. मला रिकामी खाच बघवत नाही. हा माझा दुर्गुण आहे की गुण, ते आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या कंपन्यांचे लोक अर्ध्या पेट्या घेऊन फिरतात आणि ऐन वेळी फोनाफोनी करतात. माझी पेटी उघडली की सिस्टर म्हणते, बघा, याला म्हणतात भरलं घर. त्या एका वाक्यावर मी चार दिवस काढतो. तर त्या खाचेत ताईच्या अपघाताच्या आदल्या संध्याकाळी कोणती प्लेट होती ते मला माहीत होतं. फिल्म बघेपर्यंत मला ते माहीत नव्हतं. म्हणजे होतंच, पण नव्हतं. हे मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही, आणि सांगितलं तर कुणी ऐकूनही घेऊ नये.

आदल्या दिवशी शिकाऊ डॉक्टरांचं प्रशिक्षण होतं. एका मोठ्या खोलीत दहा टेबलं, प्रत्येक टेबलावर शिकंज्यात धरलेलं प्लॅस्टिकचं कॉलरबोन, मधोमध करवतीने कापलेलं. डॉक्टरांनी ते जोडून प्लेट बसवायची, स्क्रू मारायचे. सरावाच्या प्लेटा वेगळ्या असतात, त्यांना टोकाला लाल रंग लावलेला असतो, त्या पुन्हा माणसात जात नाहीत. पण त्या दिवशी लाल प्लेटा कमी पडल्या आणि मी चांगल्या पेटीतून एक काढून दिली. डावी, आठ भोकांची. एका हसऱ्या डॉक्टरणीच्या टेबलावर उजवं हाड होतं. तिच्या ते लक्षात आलं नाही. प्लेट बसेना तशी ती पक्कड घेऊन वाकवत गेली, वाकवत गेली, चौथ्या भोकापाशी इतकी वाकवली की अखेर डावी प्लेट उजव्या हाडावर बसली. शिकवणारे डॉक्टर येऊन बघतात तो काय, सगळी खोली हसली. ती स्वतःही पोट धरून हसली. मीही हसलो. संध्याकाळी पेटी भरताना ती एक खाच रिकामी. नवी प्लेट गोदामात होती आणि गोदाम बंद झालं होतं. मी पक्कड घेतली आणि ती वाकडी प्लेट उलटी वाकवून सरळ केली. दुसऱ्या पेटीतल्या प्लेटशी लावून पाहिली, केसाचाही फरक नाही. हात आहेत माझे. फडक्याने पुसली, खाचेत ठेवली, झाकण लावलं. फसवायचं म्हणून केलं नाही. उद्या नवी आणून बदलू, तोवर खाच रिकामी नको, एवढंच. धातूला एकदा वाकवलेलं चालतं. वाकवून परत उलटं वाकवलं की तो आतून मरतो, वरून दिसत मात्र नाही. हे प्रत्येक पेटीवाल्याला ठाऊक असतं. मी तर ते नव्यांना शिकवतो, कागदाची पिन घेऊन, दोनदा इकडे, दोनदा तिकडे, टक्.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामात जायच्या आधीच ताई पडली. एका गिऱ्हाइकाकडे पडदे चढवायला गेली होती. ते तिचं काम नाही, तिचं काम कापण्याचं आणि शिवण्याचं, पण चढवणारा आला नाही म्हणून स्वतः स्टुलावर चढली आणि डाव्या खांद्यावर आदळली. मी पोचलो तेव्हा तिच्या कातडीखाली हाडाचं टोक तंबूच्या काठीसारखं वर आलं होतं. एकवीस वर्षं मी उघडी हाडं बघतोय, तिथे उभं राहून डबाही खाऊ शकतो, पण ते टोक तिच्या गळ्याखाली होतं, जिथे लहानपणी मी डोकं टेकवून झोपायचो. आई कामावर जायची आणि ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, त्यामुळे आई कोण आणि ताई कोण, हे मला जरा उशिराच कळलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं होतं, की पुष्कळ कॉलरबोन नुसता हात झोळीत ठेवूनही जुळतात, पण इथे दोन तुकडे एकमेकांवर दोन बोटं चढलेत, तेव्हा ऑपरेशन केलेलं बरं. आणि मग म्हणाले, ‘सळी घालू या का? दोनच तुकडे आहेत. हाडाच्या पोकळीतून बारीक लवचिक सळी सरकवू, इवलीशी चीर, डागही दिसणार नाही.’ मी म्हणालो, ‘प्लेट लावा, डॉक्टर. घरचं माणूस आहे. सळी कधी कधी बाहेर सरकते, तुम्हीच सांगता. प्लेट म्हणजे भक्कम.’ ते म्हणाले, ‘पेटीवाल्यांपुढे आम्ही काय बोलणार.’ आणि मी धावत जाऊन पेटी आणली. माझी पेटी, भरलेलं घर. थिएटरात मी भिंतीला पाठ लावून उभा होतो, हिरव्या कापडाखाली ती माझी बहीण आहे हे विसरायचा प्रयत्न करत. डॉक्टर म्हणाले, ‘आठ भोकांची.’ सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘पहिला कप्पा, उजवीकडून पहिली.’ माझा आवाज घट्ट होता, मला आठवतंय. प्लेट हाडावर ठेवल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘वा, वाकवावीच लागली नाही, जणू ताईंसाठीच केली होती.’ आणि मला, आता सांगायला लाज वाटते, छाती भरून आल्यासारखं झालं.

माणूस इतकं कसं विसरतो? त्या दिवशी आणि त्यानंतरच्या अकरा आठवड्यांत एकदाही, आंघोळ करताना, रस्ता ओलांडताना, झोपेत कूस बदलताना, एकदाही ती पक्कड मला आठवली नाही. नवी प्लेट आणायची होती तीही आठवली नाही, कारण ऑपरेशननंतर ती खाच रीतसर रिकामी झाली आणि रीतसर नवी प्लेट येऊन बसली. सगळं नियमाप्रमाणे झालं. मी रोज ताईच्या घरी जाऊन बोटं कशी हलवायची, खांदा कसा गोल फिरवायचा ते दाखवत होतो. अहो आमची प्लेट आहे, हत्ती उभा करा, असं मी भाऊजींना म्हणालो होतो. आणि फिल्म दिव्यावर चढल्याबरोबर, एका क्षणात, सगळं होतं तिथे. मला वाटलं होतं की विसरणं म्हणजे पुसलं जाणं. ते तसं नसतं. नुसतं झाकण लावलेलं असतं.

‘वजन उचललं की धातू थकतो,’ डॉक्टर ताईला सांगत होते तेव्हा माझे कान परत आले. ‘हाड अजून जुळलं नव्हतं, सगळा भार प्लेटवर होता. तुमचा तागा तिला शेवटचा पडला. घाबरू नका. ही काढू, जास्त लांब प्लेट लावू, कमरेच्या हाडाचा थोडा चुरा काढून मधल्या फटीत भरू. या वेळी मात्र सांगितलेलं ऐकायचं.’ ताई म्हणाली, ‘हो.’ तिने खाली मान घातली होती. एक्कावन्न वर्षांची बाई, कारखान्यात तिच्या हाताखाली अकरा जणी आहेत. त्या वेळी बोलायला हवं होतं. डॉक्टर होते, भाऊजी होते, फिल्म समोर होती, बोट ठेवून दाखवता आलं असतं. माझं तोंड उघडलंही. ‘कमरेची चीर फार दुखते का?’ असं काहीतरी मी विचारलं.

तिची शुगर वाढलेली निघाली, ती आटोक्यात आल्याशिवाय भूल देणार नव्हते. त्यात सतरा दिवस गेले. सतरा हा आकडा मी नंतर मोजला नाही, तो रोज मोजत होतो. रोज सकाळी उठून ठरवायचो की आज सांगायचं, आणि संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसलो की घरात तिची माफी मागणं चालू असायचं. भाऊजी कणीक मळताना उसासा टाकायचे आणि ती म्हणायची, ‘माझ्यामुळे तुम्हाला हे करावं लागतंय.’ तिची सून नोकरीवरून दमून येऊन भांड्यांचा आवाज करायची आणि ती म्हणायची, ‘मी त्या ताग्याला हात लावायला नको होता.’ कारखान्यातल्या बायका भेटायला आल्या तर त्यांना हसून सांगायची, ‘हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.’ जो येई त्याला ती तो अर्धा तागा नव्याने उचलून दाखवायची, मोकळ्या हाताने, किती जाड होता, किती सरकवला. एके दिवशी तो दोन तृतीयांश होता असं तिने सांगितलं. मी म्हणालो, ‘अर्धाच होता म्हणालीस ना?’ ती म्हणाली, ‘काय माहीत रे. जास्तही असेल. आता मला नीट आठवत नाही.’ भाऊजी म्हणाले, ‘हिचं असंच. तू तरी सांग हिला, तुझं ऐकते ती.’ मग तिने मला चहा दिला, एका हाताने, कपाखाली बशी न घेता, आणि म्हणाली, ‘बारक्या, या वेळी पेटी तूच आण हं. दुसऱ्या कुणाच्या पेटीवर माझा भरवसा नाही.’

एकदा मी डॉक्टरांना गाठलं. दहावा दिवस असेल. ते हात धुऊन बाहेर येत होते. ‘डॉक्टर, त्या प्लेटबद्दल,’ मी म्हणालो. ते थांबले, माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाले, ‘अहो, मनाला लावून घेऊ नका. प्लेट तुमची चांगलीच होती. पेशंट ऐकत नाहीत. मी कंपनीला तसंच लिहून दिलंय.’ मी म्हणालो, ‘थँक्यू.’ ते गेले. शर्टावर त्यांच्या हाताचा ओला ठसा होता, तो वाळेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. थँक्यू. हा शब्द माझ्या तोंडातून कुठून आला, मी अजून शोधतोय. मला नोकरीची भीती वाटत होती असं म्हणायला सोपं आहे, आणि ती होतीही. पण खरं म्हणजे मला तिच्या चेहऱ्याची भीती वाटत होती. जन्मल्यापासून तो चेहरा माझ्याकडे एकाच तऱ्हेने बघत आला होता. दुसऱ्या तऱ्हेने बघेल तेव्हा मी कुठे असेन, हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवसांत मला सारखी शाळेची पँट आठवायची. मी उंच होत गेलो तशी ताई दरवर्षी माझ्या पँटची खालची दुमड उसवून ती लांब करायची. जुन्या घडीची पांढरी रेघ घोट्याच्या वर राहायची. तिने इस्त्री फिरवली, ओलं फडकं ठेवून फिरवली, शेवटी निळ्या पेन्सिलीने ती रेघ रंगवली. मी रडून गोंधळ घातला होता, की मुलं हसतात. ती म्हणाली होती, ‘एकदा घडी मोडली की कापडाला कळतं रे. आपण किती का लपवेना.’ आणि पुढच्याच वर्षी, झाडावरून उडी मारताना, पँट बरोबर त्या रेघेवर फाटली. तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती आणि तिला हे माहीत होतं. मला बेचाळिसाव्या वर्षी माहीत असायला हरकत नव्हती.

दुसऱ्या ऑपरेशनला पेटी मीच नेली. आदल्या दिवशी प्रत्येक प्लेट दिव्याखाली धरून, कडेवरून अंगठा फिरवून पाहिली. डावी, नऊ भोकांची, बंद पाकिटातली आणली. थिएटरात पुन्हा भिंतीला पाठ. डॉक्टरांनी जुनी जखम उघडली, स्क्रू एकेक करून काढले, ते वाटीत पडताना बारीक आवाज होत होता, आणि मग प्लेटचे दोन तुकडे आले. ‘थकली बिचारी,’ डॉक्टर म्हणाले आणि तिच्याकडे न बघता वाटीत टाकली. हाड जुळवून नवी प्लेट बसवायला तास लागला. काढलेला धातू पेशंटचा असतो, तो धुऊन बाटलीत घालून द्यायचा, अशी तिथली पद्धत. सिस्टरने बाटली माझ्याच हातात दिली, ‘तुमच्याच ताईंची आहे.’ बाहेर येऊन मी खिडकीपाशी ती उजेडात धरली. चौथ्या भोकाच्या एका बाजूला पक्कडीच्या दातांचे तीन ठसे होते, बारीक, ओळीने. प्लेट उलटी केली. दुसऱ्या कडेलाही तीन. जिन्याखाली कचऱ्याचा डबा होता. कुणी विचारलंच तर हरवली म्हणता आलं असतं, असल्या बाटल्या रोज हरवतात. मी डब्यापर्यंत गेलो. झाकण उघडण्यासाठी पायाने दाबायची पट्टी होती, तिच्यावर पाय ठेवला, झाकण वर आलं, आतला कापूस दिसला. मग पाय काढला आणि बाटली खिशात घातली. धैर्य वगैरे काही नव्हतं. आणखी एक खाच रिकामी करायची मला हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खोलीत छान ऊन आलं होतं. ती उशीला टेकून बसली होती, डावा हात झोळीत, चेहरा फिकट पण ताजा. भाऊजी चहा आणायला खाली गेले होते. ‘माझी प्लेट कुठाय?’ तिने विचारलं. ‘सिस्टर म्हणाल्या तुझ्याकडे दिलीय.’ मी बाटली काढली. तिने उजवा तळवा पुढे केला. मी दोन्ही तुकडे त्यावर ठेवले. ‘एवढीशीच?’ ती म्हणाली. मग तिने एक तुकडा उचलला आणि कडेवरून अंगठा फिरवला, कापडाचा काठ बघतात तसा. नवं कापड हातात आलं की ती आधी हेच करते. अंगठा थांबला. परत मागे गेला. ‘इथे खरखरतंय.’

‘स्क्रूमुळे असेल,’ मी म्हणालो.

‘स्क्रू भोकात असतो. हे कडेला आहे.’ तिने तुकडा उन्हात धरला, डोळे बारीक केले. ‘कशाचे तरी दात आहेत. आणि उलट्या बाजूलाही आहेत.’ तिने तो मांडीवर ठेवला आणि त्याच्याशी दुसरा तुकडा जुळवला, मोडलेली कड कडेला लावून. ‘ही वाकवून परत सरळ केलेली आहे, बारक्या.’ कारखान्यात एखादीने उसवून पुन्हा शिवलेला पडदा समोर आला की ती याच आवाजात बोलते. रागावत नाही, फक्त बोट ठेवते.

मी सांगितलं. लाल रंगाच्या प्लेटा कमी पडल्या तिथून, डॉक्टरणीचं हसणं, गोदाम, खाच, पक्कड, सगळं. वाटलं होतं खूप वेळ लागेल, पण दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती प्लेटकडेच बघत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, ‘म्हणजे ताग्याने नाही मोडली.’

‘नाही. तागा नसता सरकवलास तरी मोडली असती. आठवडाभर मागेपुढे.’

तिने डोळे मिटले. तिचा सगळा चेहरा सैल पडला, आणि तेव्हा मला दिसलं की सतरा दिवस तो किती आवळलेला होता. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. ‘मला वाटलं मीच,’ ती म्हणाली. आता ती म्हणेल, जाऊ दे रे, होतं असं. आयुष्यभर म्हणत आलेली आहे. फोडलेल्या बरणीला म्हणाली, नापास झालेल्या वर्षाला म्हणाली. मी त्याची वाटच बघत होतो, खरं तर मनातल्या मनात हात पुढे करूनच बसलो होतो. तिने डोळे उघडले.

‘तुला कधी कळलं?’

काल, असं सांगता आलं असतं. काल ठसे बघितल्यावर. ते पटलंही असतं.

‘फिल्म लावली तेव्हा,’ मी म्हणालो.

‘त्याच दिवशी?’

‘हो.’

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ‘रोज यायचास तू,’ ती म्हणाली. ‘मी यांची माफी मागत होते तेव्हा तू समोर बसला होतास. चहा घेत होतास.’ आवाज चढला नव्हता. ‘पक्कडीचं मी समजू शकते. विसरतो माणूस. पण हे सतरा दिवस तू विसरला नव्हतास.’

तिनेही मोजले होते. सॉरी हा शब्द तोंडात आला आणि मला तो डॉक्टरांना म्हटलेल्या थँक्यूच्याच कुळातला वाटला, म्हणून गिळला. जिन्यावर भाऊजींच्या चपलांचा आवाज आला, सावकाश, चहा सांडू नये अशा बेताने. ताईनेही तो ऐकला.

‘आले की त्यांना सांग,’ ती म्हणाली. ‘मग डॉक्टरांना सांग. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.’

मी उठून उभा राहिलो. माझी कॉलर आत दुमडली होती, मानेला टोचत होती. ताईने ती पाहिली. प्लेटचे तुकडे आता चादरीवर होते आणि तिचा उजवा हात मोकळा होता. तिने तो तसाच मांडीवर ठेवला, आणि भाऊजी दार ढकलून आत आले.